हळू आवाजाचा मान

व्यापारी घराण्यांतील ठेवा दोन ठिकाणी असतो. काही चोपड्यांत उतरलेला असतो आणि काही वडीलधाऱ्यांच्या जिभेवर असतो. चोपड्या कपाटात राहतात. वाळवी लागली नाही आणि पुराचे पाणी शिरले नाही, तर त्या शंभर वर्षेही टिकतात. जिभेवरचा ठेवा मात्र सांगणारा आहे तोवरच असतो. कोणत्या गावच्या शेतकऱ्याशी किती पिढ्यांचा व्यवहार आहे, दुष्काळाच्या वर्षी कोणाची बाकी का सोडून दिली, जमेच्या रकान्यातील एखाद्या खुणेचा अर्थ काय, हे कोठेही लिहिलेले नसते. ते ऐकूनच घ्यावे लागते. ऐकायचे म्हटले की पहिली अडचण आवाजाची येते. वय वाढते तसा आवाज खाली जातो आणि घरातील माणसे नकळत एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलू लागतात, “जरा मोठ्याने बोला.”

हे वाक्य कोणी वाईट हेतूने उच्चारत नाही. तरीही ज्याला ते ऐकावे लागते तो दर वेळी थोडा अधिक गप्प होतो. सांगलीतील एका हळद-व्यापारी कुटुंबाने या वाक्याला पर्याय शोधला. बोलणाऱ्याने आवाज चढवण्याऐवजी ऐकणाऱ्याने आपले कान सुधारावेत, असा तो पर्याय. हा नवा कान पत्र्याच्या एका लहान डबीत मावला.

अकरा चोपड्या

गणपती पेठेतील या घराची हळदीची अडत तीन पिढ्यांची. घरातील ज्येष्ठ म्हणजे तात्या, वय ८६. त्यांच्या वडिलांच्या हातच्या अकरा चोपड्या माडीवरच्या लाकडी पेटीत आहेत. रोजकीर्द आणि खतावणी, दोन्ही मोडी लिपीत. त्या काळी छापायचे ते बाळबोध लिपीत आणि हाताने भरभर लिहायचे ते मोडीत, अशी रीतच होती. पुढे शाळांतून मोडी गेली आणि तात्यांच्या मुलांच्या पिढीला त्या चोपड्या म्हणजे नुसत्या शाईच्या लाटा वाटू लागल्या. तात्यांना मात्र वडिलांनी लहानपणीच गादीवर बसवून मोडी शिकवली होती. ते आजही पान उघडले की सरळ वाचत जातात.

मोडी जाणणारे अभ्यासक आजही आहेत आणि त्यांच्याकडून ही पाने वाचून घेता आली असती. परंतु अक्षर लागले म्हणजे हिशेब लागतोच असे नाही. एखाद्या ओळीत हरिपूर हे नाव आणि पुढे तीनचा आकडा एवढेच असेल, तर कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरात जमिनीखालच्या तीन पेवांत माल ठेवला, हे तात्यांनाच कळते. त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कशी टिकत असे, पेव उघडल्यावर आत लगेच का उतरायचे नाही, २००५ च्या महापुराने त्यांतील कितीतरी पेवांची कशी हानी केली, हे सारे ते वाचता वाचता सांगत जातात. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत असत, त्या दिवसांतील खुणा त्यांना पाठ आहेत. चोपडीतील एक ओळ आणि तिच्याभोवती दहा आठवणी, असे त्यांचे वाचन असते.

चार वर्षांपूर्वी तात्यांना कंपवाताचे निदान झाले. या विकारात हात थरथरतात हे सर्वांना ठाऊक असते. पुष्कळ रुग्णांचा आवाजही हळूहळू खाली जातो, हे फारसे ठाऊक नसते. त्यातील अधिक अवघड भाग असा, की बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज अनेकदा पूर्वीइतकाच मोठा वाटत असतो. त्यामुळे घरातील कोणी “जरा मोठ्याने” म्हटले, की तात्या म्हणत, “मोठ्यानंच बोलतोय की. तुमचंच लक्ष नाही.” दोन-तीनदा असे झाले की ते चोपडी मिटून बाजूला ठेवत. त्या दिवशीचे वाचन तेथेच संपे.

यंत्रांनाही ऐकू येईना

तात्यांचे थोरले चिरंजीव, ज्यांना घरात अण्णा म्हणतात, ते ५४ वर्षांचे आहेत. तरुणपणी त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली होती. पुढे दुकानाला माणूस हवा होता म्हणून ते गादीवर बसले आणि सोल्डरिंग आयर्न माळ्यावर गेले. तात्यांचे वाचन ध्वनिमुद्रित करून ठेवावे, ही कल्पना त्यांचीच.

पहिला प्रयत्न त्यांच्या मुलीने केला. ती पुण्यात शिकते. सुट्टीत आली असता तिने मोबाइल तात्यांसमोर ठेवला. अनेक मोबाइलमधील ध्वनियंत्रणा फोनवरील संभाषणासाठी घडवलेली असते. मोठा आवाज म्हणजे बोलणे आणि लहान आवाज म्हणजे आसपासचा गोंगाट, असे धरून ती छाननी करते. तात्यांच्या वाक्यांचे शेवटचे शब्द त्या छाननीत गळून गेले. ‘जमा’ ऐकू आले, पण किती जमा ते आले नाही.

दुसरा प्रयत्न लॅपटॉपला हेडसेटचा मायक्रोफोन जोडून झाला. या वेळी शब्द गळले नाहीत. परंतु आवाजाबरोबर एवढी खरखर आली, की दोहोंत फारसे अंतर उरले नाही. संगणकातील आज्ञावलीने खरखर काढून पाहिली, तेव्हा तिच्याबरोबर ‘स’, ‘श’, ‘ह’ ही हलकी अक्षरेही गेली आणि तात्या पाण्याखालून बोलत असल्यासारखे वाटू लागले. खातेदारांची नावे वाचताना ‘सा’ की ‘शा’ हेच कळले नाही, तर त्या वाचनाचा उपयोग काय?

पोते भरतानाची माती

अडचणीचे मूळ समजून घेण्यासाठी अण्णांनी जुनी वही काढली. मायक्रोफोन हवेतील कंपनांचे विजेत रूपांतर करतो, परंतु ती वीज अतिशय अल्प असते. सभागृहांतून सर्रास दिसणारा शुअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ पासून प्रचारात असलेला मायक्रोफोन घेतला, तर ९४ डेसिबल इतक्या मोठ्या आवाजाला तो अवघे १.८५ मिलिव्होल्ट देतो. तात्यांचा आवाज तोंडापासून १५ सेंटिमीटरवर ६० डेसिबलच्या आसपास भरतो. ९४ वरून ६० वर येणे म्हणजे हवेतील दाब सुमारे पन्नास पटींनी कमी होणे. तेव्हा हाती उरतात ०.०३७ मिलिव्होल्ट. संगणकाला मात्र ध्वनी नीट नोंदवण्यासाठी दशांश व्होल्टच्या आसपास वीज मिळालेली बरी. या दोन टोकांमधील अंतर भरून काढणारे सर्किट म्हणजे प्रीॲम्प्लिफायर. बाजारात त्याला नुसते ‘प्रीॲम्प’ म्हणतात.

लॅपटॉपच्या आतही असा प्रीॲम्प असतो. परंतु तो ज्या पाटीवर बसवलेला असतो, त्याच पाटीवर प्रोसेसर, मेमरी आणि क्षणाला हजारो वेळा चालू-बंद होणारा वीजपुरवठा यांची गर्दी असते. रोजच्या बोलण्याला तो पुरतो. हळू आवाजाला तो पुरत नाही, कारण आवाज वाढवताना त्यात आलेली खरखरही तेवढीच वाढते.

पेठेतील कोणालाही हे गणित समजावे असे आहे. पोते भरतानाच हळदीत माती मिसळली, तर पुढे कितीही चांगल्या काट्यावर वजन केले तरी माती हळदीच्याच भावाने तोलली जाते. ध्वनीचेही तसेच आहे. मायक्रोफोनमधून निघालेली वीज पहिल्यांदा जेथे वाढवली जाते, तेथे जी खरखर मिसळते ती पुढच्या प्रत्येक टप्प्यावर आवाजाबरोबर वाढत जाते. त्यामुळे सारी काळजी पहिल्या पायरीवर घ्यायची असते. नंतरच्या टप्प्यांत थोडीफार खरखर आली तरी बिघडत नाही, कारण तोवर आवाज सशक्त झालेला असतो.

ही खरखर पूर्णपणे टाळताही येत नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी ती मोजून दाखवली, हॅरी नायक्विस्ट यांनी तिचे गणित मांडले आणि १९२८ साली दोघांचे निबंध प्रसिद्ध झाले. कोणत्याही रेझिस्टरमधील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असतात आणि त्या हालचालीची अतिसूक्ष्म वीज त्याच्या टोकांवर असतेच. २,२०० ओहमच्या रेझिस्टरमध्ये, २०,००० हर्ट्झपर्यंतच्या श्राव्य पट्ट्यात, साध्या खोलीच्या तापमानाला ती सुमारे ०.८५ मायक्रोव्होल्ट भरते. निसर्गाने लावलेली ही कसर आहे. ती प्रत्येकाला द्यावीच लागते. आपल्या बाजूने तीत भर पडू न देणे, एवढेच बांधणाऱ्याच्या हाती असते.

निवड

अण्णांपुढे तीन मार्ग होते. पहिला, यूएसबीला जोडायचा तयार मायक्रोफोन घेणे. दुसरा, तयार ऑडिओ इंटरफेस आणि त्याला जोडायचा मोठा स्टुडिओ मायक्रोफोन घेणे. तिसरा, योग्य मायक्रोफोन निवडून त्याच्यासाठी प्रीॲम्प घरी बांधणे.

पहिले दोन्ही मार्ग चांगले आहेत आणि ज्यांना हातात सोल्डर धरायचा नाही त्यांनी तेच घ्यावेत. या घरात अडचण वेगळी होती. स्टँडवरील मोठा मायक्रोफोन समोर आला, की तात्या सभेत बसल्यासारखे ताठ होत आणि आठवणी सांगायच्या थांबत. टेबलावर ठेवलेला मायक्रोफोन त्यांच्या थरथरत्या हाताचा प्रत्येक ठोका नोंदवी. त्यांच्या नजरेत न येणारा आणि तरीही तोंडाजवळ राहणारा मायक्रोफोन हवा होता.

अंतराचा हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरला. तोंडापासूनचे अंतर निम्मे केले की मायक्रोफोनवर पडणारा दाब दुप्पट होतो, म्हणजे सहा डेसिबलची वाढ होते. खोलीतील इतर आवाज मात्र होते तेवढेच राहतात. या वाढीला वीज लागत नाही, सुटे भाग लागत नाहीत आणि तिच्याबरोबर खरखरही येत नाही. जवळ जाणे हाच सर्वांत स्वस्त प्रीॲम्प आहे, हे अण्णांनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले.

जवळ राहील असा मायक्रोफोन म्हणजे इलेक्ट्रेट कॅप्सूल. बेल प्रयोगशाळेतच गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ साली तो सिद्ध केला. कायमचा विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यावर तो चालतो. शर्टाच्या बटणाएवढा असतो आणि त्याला थोडीशीच वीज पुरवावी लागते. मात्र बाजारात एकसारख्या दिसणाऱ्या कॅप्सूलमध्ये पुष्कळ फरक असतो. त्याच्या माहितीपत्रकात ‘सिग्नल टू नॉइज’ हा आकडा दिलेला असतो, तो ९४ मधून वजा केला की कॅप्सूलची स्वतःची खरखर किती डेसिबलची आहे ते कळते. साध्या कॅप्सूलचा आकडा ६० असेल तर खरखर ३४ डेसिबलची. निवडक कॅप्सूलचा ८० असेल तर ती १४ डेसिबलची. तात्यांच्या ६० डेसिबलच्या आवाजासाठी हा फरक म्हणजे ऐकू येणे आणि समजणे यांतील फरक होता. अण्णांनी ८० आकड्याचा कॅप्सूल मागवला. ९४ डेसिबलला तो सुमारे २० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे तात्यांच्या आवाजाला सुमारे ०.४ मिलिव्होल्ट. सभागृहातील मायक्रोफोनच्या दहापट मुद्दल पहिल्याच पायरीवर हाती आले.

यानंतर प्रश्न आयसीचा. पदविकेच्या काळातील डबीत अण्णांना ७४१ हा आयसी सापडला. १९६८ साली बाजारात आलेला हा आयसी अभ्यासक्रमात अनेक पिढ्यांनी हाताळला आहे. परंतु इतक्या क्षीण आवाजासाठी तो योग्य नाही. टीएल ०७२ हा लोकप्रिय आयसी संपूर्ण श्राव्य पट्ट्यात मिळून सुमारे २.५ मायक्रोव्होल्ट खरखर स्वतःच्या पदरची घालतो. एनई ५५३२ हा आयसी सुमारे ०.७ मायक्रोव्होल्ट घालतो. याहून शांत आणि महाग आयसीही मिळतात; पण रेझिस्टरची निसर्गदत्त खरखरच ०.८५ असताना त्यांवर खर्च करून फारसे पदरात पडले नसते. जेथे गरज आहे तेथे हात आखडू नये आणि जेथे नाही तेथे दमडीही घालू नये, या गादीवरच्याच नियमाने एनई ५५३२ ठरला.

बांधणी

सुटे भाग मुलीने पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणले. बाजारात ज्याला ‘झीरो पीसीबी’ म्हणतात ती भोकांची पाटी, आयसीचा सॉकेट, मेटल फिल्मचे रेझिस्टर, काही कपॅसिटर, जाळीचे आवरण असलेली तार, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि फिरते बटण. रेझिस्टर मेटल फिल्मचेच घ्यावेत, कार्बनचे अधिक खरखरतात, एवढी सूचना अण्णांनी चिठ्ठीत अधोरेखित केली होती.

एनई ५५३२ च्या आठ पायांच्या देहात दोन वर्धक असतात. म्हणून काम दोन टप्प्यांत वाटले. पहिल्या टप्प्यात २२,००० आणि १,००० ओहमचे रेझिस्टर. त्यांच्या प्रमाणात एक मिळवला की २३, म्हणून आवाज २३ पट होतो. दुसऱ्या टप्प्यात २२,००० ओहमच्या जागी तेवढ्याच किमतीचे फिरते बटण; त्यामुळे हा टप्पा एक पटीपासून २३ पटींपर्यंत कमी-जास्त करता येतो. दोन्ही मिळून कमाल वाढ २३ गुणिले २३, म्हणजे ५२९ पट. बटणाभोवती ० ते १० अशा खुणा केल्या. तात्यांच्या आवाजाला बटण ४ वर ठेवले की सुमारे २२५ पट वाढ मिळते आणि ०.४ मिलिव्होल्टचे ०.०९ व्होल्ट होतात. संगणक त्याहून बराच मोठा आवाज सहज पेलतो, त्यामुळे मध्येच मोठे हसू फुटले तरी आवाज फाटत नाही.

वीज बॅटरीचीच ठेवण्याचे कारण सरळ आहे. घरातील विजेच्या ५० हर्ट्झची घुमघुम आणि यूएसबीतून येणारी बारीक किरकिर, दोन्ही मुळातच टळतात. एक बॅटरी धन बाजूला, एक ऋण बाजूला आणि दोहोंचा मध्य म्हणजे शून्य. असे दोन बॅटऱ्यांचे सर्किट बंद करताना दोन्ही एकदम तुटतील असाच स्विच लागतो. हे सर्किट आठ-नऊ मिलिअँपिअरच वीज घेते. चांगल्या अल्कलाइन बॅटऱ्या साधारण पन्नास तास पुरतात. रोज पाऊण तास वाचन धरले तर दोन महिने.

कॅप्सूलला लागणारी वीज याच बॅटरीतून दिली, पण थेट नाही. आधी १,००० ओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांतून ती गाळून घेतली आणि मग २,२०० ओहममधून कॅप्सूलला पोचवली. कॅप्सूलच्या दोन टोकांपैकी जे त्याच्या धातूच्या आवरणाला जोडलेले असते ते ऋण, हे आधी भिंगातून पाहून घेतले. कॅप्सूलमधून आलेला आवाज ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून आणि २२,००० ओहमच्या आधाराने पहिल्या टप्प्यात शिरतो. या जोडीमुळे ७० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखालचे आवाज कमी होतात. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकची घरघर त्यात बरीचशी अडते आणि माणसाचा आवाज अबाधित राहतो. मोबाइलची किटकिट आत येऊ नये म्हणून प्रवेशापाशी १०० पिकोफॅरडचा एक लहानसा कपॅसिटर बसवला आणि वाचनाच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवण्याचा नियम केला. आयसीच्या वीज घेणाऱ्या पायांलगतच ०.१ मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर लावले; ते दूर लावले तर आयसी कधीकधी स्वतःशीच शीळ घालू लागतो.

हळदीच्या नमुन्यांची एक पत्र्याची डबी घरात रिकामी होती. पाटी तिच्यात बसली. पहिल्यांदा चालू केले तेव्हा हेडफोनमध्ये घुमघुम आली, आणि डबीला हात लावला की ती वाढे. डबीचा पत्रा शून्याच्या तारेला जोडलेला नव्हता. एकाच ठिकाणी एक तार जोडली आणि खोली शांत झाली. पत्रा शून्याला जोडला गेला की बाहेरच्या विजेचा उपद्रव तोच झेलतो आणि आत पोचू देत नाही. मात्र जोड एकाच ठिकाणी हवा.

कॅप्सूल तात्यांच्या सदऱ्याला लावला नाही, कारण हाताच्या थरथरीने कापड सळसळते. खुर्चीच्या पाठीला जाड तांब्याची तार बांधून ती खांद्यावरून पुढे वळवली आणि तिच्या टोकावर स्पंजात गुंडाळलेला कॅप्सूल बसवला. तोंडाच्या कोपऱ्यापासून १५ सेंटिमीटरवर, समोर नव्हे तर जरा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ उच्चारताना श्वासाचा धक्का त्यावर बसत नाही.

संगणक वापरला तो दुकानातला, ज्यावर टॅलीत हिशेब चालतो. त्याच्या मागील बाजूस गुलाबी, निळे आणि हिरवे असे तीन सॉकेट आहेत. गुलाबी मायक्रोफोनसाठी, हिरवे ऐकण्यासाठी आणि निळे ‘लाइन इन’. प्रीॲम्पचा आवाज निळ्यात द्यायचा, कारण त्या वाटेवर संगणकाचा स्वतःचा मायक्रोफोन-प्रीॲम्प मध्ये येत नाही. सशक्त झालेला आवाज लांबच्या तारेतूनही सुखरूप जातो. त्यामुळे संगणक त्याच्या पंख्यासह शेजारच्या खोलीत राहिला आणि तात्यांजवळ फक्त डबी राहिली.

वाचन

कंपवाताच्या गोळीनंतर तासाभराने तात्यांचा आवाज त्यातल्या त्यात चांगला असतो. म्हणून सकाळची वेळ ठरली. पंखा बंद, खिडकी बंद, आणि जमिनीवर सतरंजी, म्हणजे आवाज घुमत नाही. ध्वनिमुद्रण ऑडॅसिटी या मोफत आज्ञावलीवर होते. सेकंदाला ४८,००० नमुने, १६ बिट, एकच वाहिनी. न आकुंचित केलेल्या या स्वरूपात एका तासाला सुमारे ३५० एमबी जागा लागते. प्रत्येक ध्वनिफितीच्या नावात चोपडीचा आणि पानाचा क्रमांक असतो. एक प्रत दुकानात, एक मुलीकडे पुण्यात आणि एक वेगळ्या डिस्कवर. हिशेबाच्या वह्यांना जी शिस्त, तीच येथे.

पहिल्या दिवशी तात्यांनी सहा पाने वाचली. त्या पाऊण तासात त्यांना मोठ्याने बोलायला कोणी सांगितले नाही. नंतर अण्णांनी त्यांना हेडफोन लावून ते ऐकवले. घरातील सर्वजण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मागच्या वेळी, लॅपटॉपवरचे ऐकल्यावर, ते बराच वेळ काही बोलले नव्हते. या वेळी त्यांनी मध्येच हात वर केला.

“थांबव. तिसऱ्या पानावर हमाली वाचली, तोलाई राहिली. परत घे.”

आवाज कसा आला याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांचे लक्ष हिशेबावर होते. चांगल्या प्रीॲम्पची याहून दुसरी परीक्षा नाही. त्याने मध्ये येऊ नये आणि ऐकणाऱ्याला फक्त माणूस ऐकू यावा.

ज्या घरी असा हळू आवाज आहे, त्या घराने हेच सर्किट बांधले पाहिजे असे नाही. तयार इंटरफेसही उत्तम काम देतो. क्रम मात्र हाच ठेवावा. आधी खोली शांत करावी, मग जवळ जावे, मग चांगला कान निवडावा, आणि आवाज वाढवायचे काम सर्वांत शेवटी करावे. बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा असतो.

अण्णांच्या वहीत रोजच्या तारखेपुढे बटणाचा आकडा लिहिलेला असतो. पहिल्या महिन्यात तो ४ होता. पावसाळा संपला तेव्हा ६ झाला होता. बटण १० पर्यंत जाते, तेव्हा वाव आहे. परंतु बटण पुढे नेले की आवाजाइतकीच खरखरही पुढे जाते आणि दोहोंतील अंतर काही वाढत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून त्यांनी बटण तसेच पुढे नेत राहण्याऐवजी तांब्याची तार थोडी वाकवली आणि कॅप्सूल १५ ऐवजी १० सेंटिमीटरवर आणला. बटण पुन्हा ४ वर आले. अकरांपैकी चार चोपड्या पूर्ण झाल्या आहेत; पाचवी चालू आहे, आणि आता वाचन आठवड्यातून तीन दिवसांऐवजी रोज होते.